काकांची नाटकाची वही : शाई गेली, पेन्सिल उरली

विंगेतला (मूळ लेख)

गेल्या महिन्यात माझे धाकटे काका गेले. सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी आणि भूगोल शिकवला, आणि शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गातले बाक भिंतीला लावून नाटके बसवली. घरी ते ‘काका’ आणि शाळेच्या फाटकाच्या आत ‘सर’, हा नियम त्यांनी मला पाचवीतच सांगितला होता. सकाळी ज्यांच्या ताटाशेजारी बसून जेवलो त्यांनाच दुपारी ‘सर, आत येऊ का?’ असे विचारताना पहिल्या वर्षी फार अवघडल्यासारखे होई. पुढे सवय इतकी झाली की सुटीच्या दिवशीही तोंडातून ‘सर’ जाई आणि काकू हसत.

ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या गावात शाळेचे नाटक बसवणाऱ्या शिक्षकाला कोणी वेगळा मान देत नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचे आणि पंढरीत टाळ वाजवणाऱ्याचे कौतुक ते काय करायचे, अशी आमच्या गावाची रीत आहे. काकांना त्याचे काही वाटत नसे. मात्र भाव्यांच्या नाटकाची पद्धत त्यांनी मनापासून उचलली होती. त्या जुन्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने गद्य भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. लिहून दिलेले संवाद नसत. काका दर वर्षी रंगभूमी दिनाला, म्हणजे ५ नोव्हेंबरला, नारळ फोडून तालमी सुरू करत आणि पहिले दहा दिवस कोणाच्याही हाती संहिता देत नसत. ते स्वतः कोपऱ्यात उभे राहून प्रसंग सांगत, आणि मुलांनी आपापल्या बोलीत, जसे सुचेल तसे, तो बोलून दाखवायचा असे. मुले काय बोलतात ते ते वहीत टिपून घेत आणि त्यातली वाक्ये पुढे संहितेत सापडत. आपलेच वाक्य छापल्यासारखे समोर आले की ते पाठ करावे लागत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मला त्यांनी कधीही रंगमंचावर उभे केले नाही. ‘पुतण्याला घेतले’ असे कोणी म्हणू नये म्हणून, की मला अभिनय येत नव्हता म्हणून, हे मी त्यांना विचारले नाही. दोन्ही कारणे खरी असावीत. आठवीपासून मी प्रॉम्पटर होतो. विंगेत एका स्टुलावर बसायचे, बॅटरीच्या काचेवर निळा जिलेटिन कागद बांधायचा आणि बोट ओळीवरून सरकवत राहायचे. काकांनी मला दिलेली शिकवण एवढीच होती की शब्द पुरवणे हे सोपे काम आहे, शब्द न पुरवणे अवघड आहे. नट थांबला आहे की विसरला आहे, हे त्याच्या पाठीकडे पाहून कळले पाहिजे, कारण विंगेतून बहुधा पाठच दिसते.

आता वहीविषयी. काका प्रत्येक नाटकासाठी दोनशे पानी आखीव वही करत. उजव्या पानावर संवाद असत, निळ्या शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात. डावे पान कोरे ठेवत आणि त्यावर शिसपेन्सिलीने हालचाली लिहीत: कोण कुठून येतो, कोणत्या शब्दावर वळतो, दिवा कधी उतरतो. संवादांच्या मध्येही पेन्सिलीच्या खुणा असत. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे विराम, आणि दोन रेघांशेजारी बारीक अक्षरात ‘वि.’ असे लिहिलेले असे.

या वह्यांची ट्रंक गावभागातल्या जुन्या घरात होती. २००५ च्या पुराचे पाणी भिंतीवर जिथपर्यंत आले होते तिथे आम्ही खूण केली होती, आणि त्या खुणेच्या चांगले हातभर वर, फडताळात, ट्रंक ठेवली होती. गावातल्या बहुतेकांनी तीच खूण धरून आपापले सामान लावले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. आम्ही सगळे विश्रामबागेत नातलगांकडे होतो. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा फडताळ मोडले होते आणि ट्रंक आडवी होऊन गाळात रुतली होती.

काकांनी वह्या गच्चीवर दोरीवर वाळत घातल्या, कपड्यांसारख्या. शाई पूर्ण धुऊन गेली होती. पानांवर निळसर ढग तेवढे राहिले होते. पेन्सिल मात्र जशीच्या तशी होती, कारण शिसे पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आज माझ्यासमोर जी वही आहे तिच्यात संवाद एकही नाही आणि श्वास, विराम, वळणे, दिवे सगळे जागच्या जागी आहेत. काकांनी ती पुन्हा लिहून काढायचे मनावर घेतले नाही. मी दोनदा सुचवले, तेव्हा ‘मुलांना येत असेल’ एवढेच म्हणाले. मुले म्हणजे आज पन्नाशीला आलेली माणसे.

म्हणून हा धागा. ही वही त्यांनी स्वतः लिहिलेल्या एकांकिकेची आहे. तिला नाव काही असेल, पण शाळेत सगळे तिला ‘नावाड्याचे नाटक’ म्हणत. सांगलीच्या घाटावरून सांगलीवाडीला माणसे नेणारा म्हातारा नावाडी, त्याची नात, आणि १९२९ मध्ये झालेला आयर्विन पूल, एवढाच तिचा ऐवज. पूल होतो, होडीला माणूस मिळेनासा होतो. ज्यांनी त्यात काम केले, नेपथ्य ओढले किंवा नुसते पाहिले, त्यांनी आठवतील ते संवाद कृपया इथे लिहावेत. मी खुणांशी ते जुळवून पाहीन.

एक शंकाही विचारून ठेवतो. शेवटच्या प्रवेशात एके ठिकाणी दोन रेघांशेजारी ‘वि.’ऐवजी ‘विस.’ असे लिहिले आहे. संपूर्ण वहीत असे एकदाच आहे. त्याचा अर्थ मला लागत नाही.

---

हरिपूर रोड

धागा वाचून डोळे भरून आले. मी नावाड्याच्या नाटकात नव्हतो, त्याच्या आदल्या वर्षी होतो. म्हणून संवादांची मदत करू शकत नाही, परंतु सरांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या वर्षी सरांनी देवलांच्या ‘शारदा’मधले दोन प्रवेश बसवले होते आणि मी भद्रेश्वर दीक्षित होतो. तालमी सुरू होण्यापूर्वी त्यांनी आम्हां सगळ्यांना सायकलींवरून हरिपूरला नेले. दुतर्फा चिंचेची झाडे होती. संगमेश्वराच्या देवळामागे, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे बसवून त्यांनी सांगितले की देवल याच गावचे, आणि १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले ते नाटक पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे आहे. मग त्यांनी आम्हांला विचारले, ‘तुमच्या आजीचे लग्न झाले तेव्हा ती किती वर्षांची होती?’ कोणालाच माहीत नव्हते. ‘घरी विचारून या, मग पाठांतर,’ असे म्हणून त्यांनी डब्यातल्या शेंगा वाटल्या. मी आजीला विचारले. तिने उत्तर दिले, आणि त्यानंतर भद्रेश्वराच्या विनोदी वाक्यांवर हसू आणणे मला जड गेले. सरांना बहुधा तेच हवे होते, कारण हसू प्रेक्षकांत आले, माझ्या चेहऱ्यावर नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्यापैकी एकाने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की या नाटकावरूनच ‘शारदा कायदा’ हे नाव पडले. सरांनी त्याला खोडून न काढता वाचनालयात पाठवले. तो परत आला तो १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरविलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जातो, हे वहीत लिहून घेऊन. आजही अनेक सुशिक्षित माणसे ती चूक करतात, आणि दर वेळी मला तो धापा टाकत आलेला मुलगा आठवतो.

‘विस.’ म्हणजे ‘विस्तार’ असेल का? म्हणजे नेहमीपेक्षा लांब विराम?

---

फ्यूज गेला

प्रकाशयोजनेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. त्या काळात ते काम माझ्याकडे होते, आणि पुढे वीज हाच माझा व्यवसाय झाला.

शाळेकडे डिमर नव्हता. सरांनी मिठाच्या पाण्याचा डिमर केला होता. लोणच्याच्या चिनी मातीच्या मोठ्या बरणीत पाणी, त्यात मीठ, तळाशी एक पत्र्याची चकती आणि वरून लाकडी दांड्याला बांधलेली दुसरी. वरची चकती खाली न्यावी तसा दिवा उजळतो, वर घ्यावी तसा मंद होतो, कारण दोन चकत्यांमधले पाणी जितके जास्त तितका विजेला अडथळा जास्त. मीठ किती घालायचे हे सर चिमटीने ठरवत, काकूंनी आमटीत घालावे तसे. मी स्वतः दांडा धरावा असे मला फार वाटे. पण ते काम त्यांनी कोणाही विद्यार्थ्याला कधी करू दिले नाही. पायात रबरी चपला, खाली कोरडी लाकडी फळी, एक हात पाठीमागे, अशा थाटात ते स्वतः उभे राहत आणि मी दूरवरून वहीतल्या खुणा वाचून ‘उतार’, ‘चढ’ असे हळू सांगत असे. आज माझ्या हाताखालच्या माणसाने असले काही केले तर मी त्याला घरी पाठवीन, हे मुद्दाम नमूद करतो. कोणी प्रयोग करून पाहू नये.

नावाड्याच्या नाटकात संध्याकाळ फार सावकाश उतरते. तेवढा वेळ वीज वाहून पाणी तापे आणि बरणीतून वाफ निघू लागे. ती वाफ विंगेतून रंगमंचावर जाई, आणि नदीवरचे धुके कसे केले, असे एका परीक्षकांनी सरांना विचारल्याचे मी ऐकले आहे. सरांनी काय उत्तर दिले ते मात्र ऐकू आले नाही.

डाव्या पानांवर ‘मी.’ असे अक्षर दिसत असेल तर ते मिठासाठी आहे.

---

विंगेतला

दिसते! चार ठिकाणी आहे. मी ते आजवर ‘मीटर’ समजत होतो आणि कसला मीटर ते कळत नव्हते. मनःपूर्वक आभार.

---

वाळवा तालुका

मी वेगळे लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. मला सरांचा कित्येक वर्षे राग होता.

सलग दोन वर्षे मुख्य भूमिका कोणालाही द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. आठवीत मी प्रमुख काम केले, त्याचे बक्षीस मिळाले, आणि नववीत मला त्यांनी पडद्याच्या दोरीवर उभे केले. माझे वडील भेटायला आले, तेव्हा सरांनी त्यांना चहा दिला आणि निर्णय बदलला नाही. मुलांना गुणांप्रमाणे काम मिळावे, असे मला तेव्हा वाटत होते आणि अंशतः अजूनही वाटते. स्पर्धा असते तिथे उत्तम मुलगा पुढे उभा करणे हा अन्याय नव्हे. त्या नियमामुळे शाळेने काही बक्षिसे घालवली, हे सरांच्या प्रेमात असलेल्या सर्वांनीही मान्य करावे.

पडद्याची दोरी ओढताना मी एक शिकलो ते सांगतो आणि थांबतो. पडदा हाताने ओढायचा नसतो, अंगाने मागे जात ओढायचा असतो. नाहीतर तो मध्येच हिसका खातो. हे सरांनी मला स्वतः दोरी धरून, रिकाम्या सभागृहात, दुपारी दोन तास दाखवले. मुख्य भूमिकेच्या वर्षी त्यांनी मला एकट्याला दोन तास कधी दिले नव्हते.

---

विंगेतला

आपला राग अगदी समजण्यासारखा आहे आणि तो इथे लिहिलात हे बरे झाले. त्या नियमावरून आमच्या घरातही वाद होत. काकूंचे मत आपल्यासारखेच होते. काका त्यावर ‘नाटक शाळेचे आहे, शाळेत चारशे मुले आहेत’ असे म्हणत आणि काकू ‘मग चारशेंनाही राजा करा’ असे म्हणत. हा वाद त्यांच्यात शेवटपर्यंत मिटला नव्हता.

---

नात

मी नाटकातली नात. संवाद देते.

आधी एक सांगायला हवे. माझे गाव मिरजेच्या पूर्वेला, आणि घरात ‘पाणी’चे ‘पानी’ होई. वर्गात त्यावरून हसत. संहिता हाती आली तेव्हा मी ‘ण’ घोकू लागले. सरांनी ऐकले आणि विचारले, ‘नावाड्याची नात कुठे शिकली?’ मी म्हटले, ‘कुठेच नाही.’ ‘मग ती घरी बोलते तसे बोल.’ त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने सगळीकडे ‘पानी’ केले. मात्र त्याच महिन्यात मराठीच्या तासाला मी ‘पानी’ वाचले, तेव्हा त्यांनी मला तीनदा ‘पाणी’ म्हणायला लावले. दोन्ही जागा निरनिराळ्या आहेत, हे न सांगता कळले.

सुरुवात अशी होती. आबा होडीत बसलेल्यांची डोकी मोजतात: ‘एक, दोन, तीन…’ आणि शेवटी ‘आणि ह्यो नावाडी’ असे म्हणून वल्हे उचलतात. प्रत्येक फेरीला मोजणी होते आणि आकडा कमी होत जातो: अकरा, सात, तीन. शेवटच्या प्रवेशात मी विचारते, ‘आबा, आज किती?’ आणि आबा म्हणतात, ‘दोघंच. तू नि मी.’ मग मी नदीकडे तोंड करून बसते. एवढे नक्की आठवते. मधल्या सावकाराच्या प्रवेशात मी नव्हते.

---

विंगेतला

‘दोघंच’ हा शब्द वाचून मला घाम फुटला. आता सांगतोच.

आंतरशालेय स्पर्धेच्या प्रयोगात, नेमक्या त्या जागी, आबा गप्प झाले. माझ्या प्रतीत तिथे विरामाची खूण नव्हती, एक रेघसुद्धा नव्हती. मी मनात तीनपर्यंत मोजले आणि ‘दोघंच’ म्हणून शब्द पुरवला. सभागृह इतके शांत होते की तो पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला आणि कोणीतरी हसले. रात्री सायकलवरून घरी येताना काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘तो विसरला नव्हता रे.’ त्यानंतर मी दोन वर्षे प्रॉम्पटिंग केले, पण त्या वाक्याने मला कायमचे सावध केले. लोक बोलता बोलता थांबले की मी आजही त्यांना शब्द देत नाही, आणि घरचे त्यावरून चिडतात.

---

घाटावरचा आबा

नमस्कार. मी सध्या नाशिकला असतो. ‘नात’ यांनी काल फोन करून हा धागा वाचायला सांगितला. मी तो नावाडी.

विंगेतल्या मित्रा, मी विसरलो होतो. पूर्ण विसरलो होतो. ‘आबा, आज किती?’ हे ऐकले आणि डोक्यात काहीही उरले नाही. तू शब्द दिलास म्हणून मी वाचलो. तुझे उपकार मानायचे राहून गेले, कारण तुला त्यासाठी बोलणी बसली असतील असे वाटून मी तुला टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी सरांकडे गेलो आणि कबूल केले. ते डबा खात होते. त्यांनी विचारले, ‘विसरलास तेव्हा पाहत कुठे होतास?’ मी आठवून सांगितले की डाव्या विंगेकडे, जिथे आम्ही पूल कल्पिला होता तिकडे, कारण दुसरीकडे पाहिले असते तर सर दिसले असते आणि मी रडलो असतो. सरांनी डब्याचे झाकण लावले आणि म्हणाले, ‘मग स्नेहसंमेलनाच्या प्रयोगात तिथेच विसर. तिकडेच पाहत.’

मी तसे केले. त्या वेळी तू शब्द दिला नाहीस. तुला त्यांनी सांगून ठेवले असेल, असे मी समजत होतो.

---

विंगेतला

त्यांनी मला काहीही सांगितले नव्हते. माझ्या प्रतीत आदल्या दिवशी त्या जागी दोन रेघा आलेल्या दिसल्या, एवढेच. माझ्या प्रतीत नुसत्या रेघा होत्या, ‘विस.’ फक्त त्यांच्या वहीत आहे.

आज संध्याकाळी वही उजेडात धरून पाहिली. बाकीच्या खुणा बारीक टोकाच्या पेन्सिलीच्या आहेत. या दोन रेघा जाड, बोथट टोकाच्या आहेत आणि त्यांच्या खाली, जिथे ‘पुढे लगेच’ असे आधी लिहिले होते ते खोडरबराने पुसल्याची कागदाला खरवड आहे. मी ती जागा भरली, पेन्सिलीनेच. वर नातीचे ‘आबा, आज किती?’, मग काकांच्या दोन रेघा आणि ‘विस.’, त्याखाली ‘दोघंच. तू नि मी.’

सावकाराच्या प्रवेशाची साडेचार पाने अजून रिकामी आहेत. तिथे दोन रेघा नऊ ठिकाणी आहेत आणि ‘मी.’ एकदा. सावकार कोण झाला होता हे कोणाला आठवत असेल, तर कृपया त्याला हा धागा दाखवावा.